मत्स्यपेटीतून होणारे त्वचासंक्रमण : निदान आणि प्रतिबंध

हाताच्या पाठीवर, बोटाच्या सांध्यावर किंवा मनगटाजवळ एक लालसर-जांभळट गाठ येते. ती फारशी दुखत नाही. दोन-तीन आठवड्यांत ती वाढते, वरची त्वचा खरखरीत होते आणि मधोमध फुटून थोडा स्राव येऊ लागतो. रुग्णास ज्वर नसतो, अग्नी उत्तम असतो, वजनही घटलेले नसते. मलमे होतात, आठ दिवसांच्या गोळ्या होतात, पोटिसे बांधून होतात; गाठ मात्र जागची हलत नाही. पुढे अग्रबाहूवर एका रेषेत आणखी दोन-तीन गाठी दिसू लागतात. असा रुग्ण समोर आला असता वैद्याच्या मनात ग्रंथी, विद्रधी, चामखीळ, त्वचेचा क्षय, कुष्ठ अशी नावे येऊन जातात. दर्शन आणि स्पर्शन या परीक्षा आपण मनापासून करतो. प्रश्नपरीक्षेत मात्र एक प्रश्न बहुधा राहून जातो. घरी, दुकानात किंवा कामाच्या ठिकाणी मासे पाळले आहेत काय, हा तो प्रश्न होय.

या विकाराचे कारण ‘मायकोबॅक्टेरियम मॅरिनम’ नावाचा जीवाणू आहे. क्षय आणि कुष्ठ यांच्या जीवाणूंच्याच कुळातील हा एक भाऊबंद. 1926 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयात मेलेल्या समुद्री माशांच्या शरीरात क्षयासारख्या गाठी आढळल्या, त्यांतून ॲरन्सन या शास्त्रज्ञाने हा जीवाणू प्रथम वेगळा केला. पुढची पंचवीस वर्षे तो माशांचाच रोग मानला गेला. 1951 मध्ये स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावात खरचटलेल्या माणसांच्या व्रणांतून एक जीवाणू मिळाला व त्यास निराळे नाव देण्यात आले. तो आणि माशांचा जीवाणू एकच, हे नंतर सिद्ध झाले. (आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेही याच वर्षी, हा निव्वळ योगायोग.) घरातील माशांच्या टाकीशी या रोगाचा संबंध 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णवृत्तांताने जोडला गेला. तलावांत क्लोरीनचा वापर नियमित झाल्यावर तेथील रुग्ण कमी झाले आणि घरातील टाकी हेच प्रमुख कारण उरले.

या जीवाणूच्या स्वभावातील एक गोष्ट ध्यानात घेतली, की रोगाचे पुष्कळसे चित्र आपोआप उलगडते. त्याला साधारण 30 ते 33 अंश सेल्सिअस तापमान मानवते. शरीराच्या आतील 37 अंशांत त्याची वाढ नीट होत नाही. म्हणून तो फुप्फुसात किंवा यकृतात न जाता हात, कोपर, गुडघा, पाऊल अशा तुलनेने थंड भागांच्या त्वचेत राहतो. म्हणूनच स्थानिक लक्षणे इतकी दिसत असूनही रुग्ण एरवी ठणठणीत असतो. अखंड त्वचेतून तो सहसा शिरत नाही. खरचटणे, काटा टोचणे, माशाच्या परांचा ओरखडा, टाकीच्या काचेने झालेली चीर असे एखादे द्वार त्याला लागते. शिरल्यानंतर गाठ दिसण्यास बहुधा दोन ते चार आठवडे जातात, क्वचित कित्येक महिनेही. तोवर रुग्ण ती लहानशी चीर विसरून गेलेला असतो. म्हणून ‘काही लागले होते का’ एवढे विचारून भागत नाही. पाण्याचा आणि माशांचा संबंध वेगळा विचारावा लागतो.

सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात, जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची सवय जुनी आहे, तेथे माशांच्या टाकीचा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. तथापि मत्स्यपेटी आता मुंबई-पुण्याची चैन राहिलेली नाही. वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांच्या नादाने ती दिवाणखान्यात आली; मुलांच्या हट्टाने आली; आणि विशेष म्हणजे दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत आली. ती टाकी साफ कोण करतो, हे आपापल्या दवाखान्यात एकदा पाहावे. पुष्कळदा तोच मदतनीस उघड्या हाताने टाकीतील जाळी घासतो आणि नंतर मलमपट्टीचे साहित्यही हाताळतो. सजावटीच्या वस्तूने चिकित्सालयाच्या शुचितेस बाधा यावी, हे काही शोभणारे नव्हे.

आपल्या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. डाळिंबाच्या छाटणीत हाताला काटे लागणे हे येथील शेतकऱ्यास नित्याचे. त्याच बागेच्या कडेला शेततळे असते आणि काही जण त्यात मासेही सोडतात. उजनीच्या जलाशयातून येणारी चिलापी तर बाजारात सर्वांच्या ओळखीची. या जातीलाही हा जीवाणू होऊ शकतो. डेंग्यू-हिवतापाच्या प्रतिबंधासाठी पाण्याच्या टाक्यांत आणि हौदांत गप्पी मासे सोडले जातात, ते उपयुक्तच आहे व चालू राहावे. मात्र असा हौद घासताना हातावर ओल्या जखमा असू नयेत. या जीवाणूची बाधा 150 हून अधिक जातींच्या माशांना होऊ शकते आणि तो गोड्या व खाऱ्या दोन्ही पाण्यांत राहतो. काट्याने टोचलेला हात आणि माशांचे पाणी यांची गाठ पडण्यास येथे निमित्ताची उणीव नाही.

निदानातील गोंधळ हा या विकाराचा सर्वांत गंभीर भाग होय. एका रेषेत वर चढणाऱ्या गाठी ‘स्पोरोट्रायकोसिस’ या बुरशीच्या रोगातही दिसतात, आणि तो रोगही काट्याच्या इजेतून होतो. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्वचेच्या क्षयासारखे चित्र दिसू शकते. ट्यूबरक्युलिनची त्वचाचाचणी सकारात्मक येऊ शकते, कारण जीवाणू त्याच कुळातले. उलट आम्लस्थिर जीवाणू झील-नील्सन रंजनात पुष्कळदा सापडतच नाहीत. क्षयासाठी केली जाणारी सीबीनॅट तपासणी क्षयाच्या जीवाणूसाठीच घडवलेली असल्याने ती नकारात्मक येते. मग कोणी ‘क्षय असावा’ म्हणून क्षयाचे औषध सुरू करतो. त्यातील आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांना हा जीवाणू दाद देत नाही. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांचा परिणाम होतो. परिणामी रुग्ण अर्धवट सुधारतो आणि चुकीचे निदान अधिकच पक्के होते.

याहून वाईट म्हणजे ‘महारोग’ हा शब्द. कुष्ठाच्या चट्ट्यात संवेदना कमी झालेली असते, मज्जातंतू जाड लागतात; येथे तसे काही नसते. कापसाच्या टोकाने आणि टाचणीने पाच मिनिटांत होणारी ही परीक्षा न करता कुष्ठाची शंका बोलून दाखवणे म्हणजे एखाद्या घरातील लग्नकार्य मोडणे होय. मॅरिनमचे संक्रमण माणसाकडून माणसाकडे जात नाही, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

निश्चित निदानासाठी गाठीचा तुकडा घेऊन जीवाणूसंवर्धन करावे लागते. येथे वैद्याने एक सूचना आवर्जून लिहून द्यावी : ‘मत्स्यपेटीशी संबंध, 30 ते 32 अंशांवर संवर्धन करावे.’ प्रयोगशाळेत नेहमीप्रमाणे 37 अंशांवर नमुना ठेवला, तर काहीच उगवत नाही आणि अहवाल ‘निर्जंतुक’ म्हणून परत येतो. योग्य तापमानावरही वाढ दिसण्यास एक ते तीन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. प्रकाशात ठेवल्यावर या वसाहती पिवळ्या होतात, ही त्याची ओळख. आपल्याकडील रुग्णास सोलापूर किंवा मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागाकडे पाठवता येते. पाठवताना चिठ्ठीत ही एक ओळ असली, तर त्याचे कित्येक महिने वाचतात.

संहितांत याचे नेमके नाव शोधण्याचा अट्टहास काही जण करतात. तो मला अनावश्यक वाटतो. प्रत्येक विकाराचे नाव ठाऊक नसल्याची लाज वैद्याने बाळगू नये, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेच आहे. आगंतू कारणाने झालेला, त्वचा-रक्त-मांस यांत स्थिरावलेला ग्रंथिस्वरूप व्रण, एवढे समजले तरी व्यवहारास पुरे. त्रिफळा क्वाथाने व्रणप्रक्षालन, पथ्याहार, रुग्णाचा अग्नी सांभाळणे हे आपले काम आहेच. परंतु केवळ तेवढ्यावर महिने काढू नयेत. या रोगात क्लॅरिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन, काही वेळा रिफाम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल अशी औषधे त्वचातज्ज्ञाच्या देखरेखीखाली बहुधा तीन महिने वा अधिक काळ आणि व्रण भरल्यानंतरही एक-दोन महिने द्यावी लागतात. गाठ पिकलेली समजून पाटन करणे किंवा तिच्यावर अग्निकर्म करणे टाळावे. बोट वाकवताना वेदना होत असतील, सांधा किंवा कंडरा सुजली असेल, तर रोग खोल गेला आहे असे समजून रुग्णास त्याच दिवशी पाठवावे. अशा सांध्यात संधिवात समजून स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेल्यास रोग झपाट्याने वाढतो.

आता आपल्याच घरात डोकावू. पंचकर्म करणारे अनेक वैद्य रक्तमोक्षणासाठी जळवा पाळतात, आणि त्या पुष्कळदा माशांसाठी आणलेल्या काचपेटीतच ठेवल्या जातात. जळवेच्या आतड्यात ‘एरोमोनास’ जातीचे जीवाणू नैसर्गिकपणे राहतात. रक्ताच्या पचनात ते तिला साहाय्य करतात आणि रुग्णाच्या दंशस्थानी शिरले तर पूयसंक्रमण घडवतात. एरोमोनास हे माशांच्या टाकीतील पाण्यातही असतात, आणि मॅरिनमच्या उलट त्यांची बाधा एक-दोन दिवसांतच लाली, दाह, सूज घेऊन प्रकट होऊ शकते. जळवा लावल्यानंतर ही लक्षणे दिसल्यास तो ‘दोष बाहेर पडत आहे’ असा अर्थ लावू नये.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील जलौकावचारणीय अध्यायात या बाबतीत किती काटेकोर नियम घातले आहेत, ते पुन्हा वाचण्याजोगे आहे. कुजलेले मासे, किडे, बेडूक, मलमूत्र यांनी दूषित गढूळ पाण्यातील जळवा सविष; कमळे असलेल्या निर्मळ पाण्यातील निर्विष. नव्या घटात ठेवावे, दर तीन दिवसांनी पाणी व खाद्य बदलावे, दर सात दिवसांनी घटच बदलावा. जीवाणू दिसण्याची सोय नसलेल्या काळातील ही पाण्याची स्वच्छता आहे. मासे आणि जळवा एका टाकीत, एका जाळीने, एका बादलीने कधीही हाताळू नयेत, आणि एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावू नये.

मासे बाळगणाऱ्या रुग्णांना सांगण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. टाकीत हात घालताना कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घालावेत. हातावर जखम, भेग, इसब असेल, तर ते काम घरातील दुसऱ्याने करावे. नळी तोंडाने ओढून पाणी काढू नये. ही खोड फार जणांना असते. टाकीचे पाणी व गाळणीचा स्पंज स्वयंपाकघरातील सिंकमध्ये किंवा मुलांच्या अंघोळीच्या टबात धुऊ नये, कारण टाकी धुतलेल्या टबातून लहान मुलांना बाधा झाल्याची नोंद आहे. जीवाणूंचा चिकट थर पाण्यापेक्षा स्पंजवर, खड्यांवर व काचेवर अधिक असतो. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, चीर पडल्यास वाहत्या पाण्याखाली लगेच धुवावी. नवा मासा काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. पोट खपाटीला गेलेला, पाठीचा कणा वाकलेला, अंगावर व्रण असलेला मासा रोगी समजावा. मेलेला मासा तत्काळ काढावा. पुष्कळ हौशी मंडळी दुकानदाराच्या सल्ल्याने टाकीत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या टाकतात. त्याने टाकीतील जीवाणू औषधाला निर्ढावतात, आणि त्याच वर्गातील औषध उद्या माणसाला द्यावे लागणार असते.

मधुमेही, स्टिरॉइड घेणारे, आमवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी जैविक औषधे घेणारे आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण यांनी टाकीत हात घालूच नये. मासे बघण्यास हरकत नाही. मोठ्या शहरांतील मॉलमध्ये पाय पाण्यात सोडून माशांकडून त्वचा खाऊन घेण्याचा जो प्रकार आहे, तो मधुमेही रुग्णास विशेषेकरून वर्ज्य सांगावा. एकाच पाण्यात अनेकांचे पाय जातात आणि मासे असताना ते पाणी निर्जंतुक करता येत नाही.

हाताच्या न भरणाऱ्या व्रणाच्या रुग्णपत्रिकेत व्यवसाय, आहार, पूर्वव्याधी यांच्या जोडीला ‘मासे, टाकी, शेततळे, काटा’ एवढे चार शब्द छापून घेता येतील. पुढची पत्रिका छापताना ते घालावेत.