आपल्याच पेशी, नवं जनुक
नांदेडहून देवगिरी किंवा लातूरहून लातूर-मुंबई एक्स्प्रेस पकडून परळचं ‘टाटा’ गाठणं मराठवाड्यातल्या कॅन्सररुग्णांना नवं नाही. याच टाटा मेमोरियलने आयआयटी मुंबईसोबत विकसित केलेल्या ‘नेक्सकार१९’ या देशी कार-टी उपचाराला २०२३मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवं जनुक घालायचं, वाढवून पुन्हा शिरेतून सोडायच्या. मग सीडी१९ हे प्रथिन असलेल्या कॅन्सरग्रस्त बी-पेशींवर त्या तुटून पडतात. गोम अशी, की निरोगी बी-पेशींवरही तेच प्रथिन असतं. त्याही मरतात, जंतुसंसर्गाचं भय वाढतं. सुरुवातीला सडकून ताप येऊ शकतो, रक्तदाब घसरू शकतो. परदेशात खर्च काही कोटी, इथे ३०-४० लाखांच्या घरात. सोयाबीनच्या पट्टीवर जगणाऱ्या घराला तोही शेत विकायला लावणारा. शिवाय हा उपचार आहे तो केमोला दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठीच.