बर्फावरची हरकामी फळी

जालना जिल्ह्यात बर्फ भेटतो तो रसवंतीत, गोणपाटात गुंडाळलेला. डोंगरउतारावर पडलेला भुसभुशीत बर्फ आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी चित्रातच पाहिलेला असतो. तरीही या वेळी आपण बर्फावर चढण्या-घसरण्याच्या एका साधनाची ओळख करून घेणार आहोत. ते समजायला लागणारे विज्ञान शाळेच्या पुस्तकातच आहे, आणि त्याचे प्रयोग काळ्या रानात व कुसळी गवतात करता येतात.

दोनाची एक, एकाच्या दोन

१९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शेर्मन पॉपन यांनी मुलींच्या खेळासाठी दोन स्की शेजारी-शेजारी जोडून एक फळी केली. स्नोबोर्डच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा टप्पा. १९९८ च्या नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगला स्थान मिळाले. पण घसरायचे तर आधी वर जायला हवे. काश्मीरमधील गुलमर्गला त्यासाठी पाळण्याची सोय आहे. २००५ मध्ये सुरू झालेला त्याचा दुसरा टप्पा सुमारे ३,९०० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. जिथे पाळणा नाही तिथे काय करायचे? १९९० च्या दशकात अमेरिकेतील युटा राज्यात काहींनी फळीच लांबीत मधोमध कापली. चढताना दोन्ही पायांना एकेक अर्धी फळी बांधायची. बुटाचा पुढचा भाग बिजागरीसारखा अडकवलेला आणि टाच मोकळी, म्हणजे पाऊल पुढे सरकवत चालता येते. माथ्यावर दोन्ही अर्ध्या फळ्या आकड्यांनी जोडायच्या आणि त्यावर आडवे उभे राहून खाली घसरत यायचे. या फळीला 'स्प्लिटबोर्ड' म्हणतात.

चिखलाचा हिशेब

पावसाळ्यात काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत का रुततो? वजन तेच असते, पण ते लहानशा क्षेत्रावर पडते. समजा, सामानासह माणसाचे वजन ७० किलो आहे आणि बुटाच्या तळव्याचे क्षेत्रफळ २५० चौरस सेंमी. एका पायावर भार असताना दर चौरस सेंमीवर २८० ग्रॅम भार येईल. १६० सेंमी लांब आणि सरासरी २५ सेंमी रुंद फळीचे क्षेत्रफळ ४,००० चौरस सेंमी, अर्ध्या फळीचे २,०००. म्हणजे चढताना दर चौरस सेंमीवर ३५ ग्रॅम आणि उतरताना साडेसतरा ग्रॅम भार. बुटाच्या मानाने आठपट आणि सोळापट कमी! म्हणून ताज्या बर्फात पाय बुडतो, पण फळी तरंगल्यासारखी वर राहते.

कुसळाची युक्ती

गुळगुळीत फळी उतारावर मागे घसरायला हवी. ती वर चढते कशी? गव्हाची कुसळे असलेली ओंबी शर्टाच्या बाहीत देठ वरच्या बाजूस ठेवून घाला आणि हात हलवत राहा. थोड्या वेळात ओंबी वर सरकलेली दिसेल. कुसळावरचे बारीक काटे एकाच दिशेला झुकलेले असतात. एका दिशेने ते कापडावरून सहज सरकतात, उलट दिशेने अडकतात. चढताना फळीच्या तळाला नेमकी अशीच केसाळ पट्टी चिकटवतात. केसांची टोके मागे झुकलेली असतात. माथ्यावर पट्टी सोलून काढायची. आज ती मोहेर लोकरीची किंवा नायलॉनची असते. आल्ताई पर्वतातले लोक मात्र स्कीच्या तळाला घोड्याचे केसाळ कातडे लावत आले आहेत.

वर्गात हे मोजता येते. एका फळीवर घोंगडी ताणून बसवा. लाकडी ठोकळ्याला मखमल चिकटवून तो तिच्यावर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा सरकू लागेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची आणि जमिनीवरचे आडवे अंतर मोजा. उंचीला अंतराने भागले की स्थितिक घर्षणांक मिळतो. आता ठोकळा उलटा फिरवून, म्हणजे मखमलीची लव दुसऱ्या दिशेला ठेवून, पुन्हा मोजा. मागे न घसरता २० अंशांचा चढ सरळ चढायचा तर घर्षणांक किमान ०.३६ हवा, ३० अंशांना ०.५८. म्हणून तीव्र चढावर घाटरस्त्यासारखी वळणे घेत जावे लागते.

हरकामी म्हणजे तडजोड

भुसभुशीत बर्फाला लांब-रुंद फळी हवी, तर कडक बर्फाला अरुंद आणि ताठ. चढायला हलकी हवी, पण हलकी फळी खडबडीत उतारावर थरथरते. शिवाय मधोमध कापल्याने पिळाला होणारा विरोध घटतो. एक पुठ्ठा लांबीत कापून दोन ठिकाणी दोऱ्याने बांधा आणि पिळून पाहा. अखंड पुठ्ठ्यापेक्षा तो सहज पिळतो. सर्व प्रकारच्या बर्फासाठी केलेली हरकामी फळी कुठेच सर्वोत्तम नसते. कुठेही फार वाईट ठरू नये एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

हे तपासायचे कसे? अ आणि ब या दोन फळ्यांची तुलना करायची आहे. अ सकाळी आठला वापरली आणि ब दुपारी बाराला, तर आपण फळीची नव्हे, उन्हाची परीक्षा घेतली असे होईल. सकाळचा कडक बर्फ दुपारी मऊ पडतो. म्हणून उतार तोच, माणूस तोच, बूट तेच आणि क्रम अ, ब, ब, अ असा ठेवावा. बर्फ एकसारखा मऊ होत असेल, तर पहिल्या व चौथ्या फेरीची सरासरी दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या सरासरीशी तुल्य राहते. वजन आणि जोडणीला लागणारा वेळ काट्याने व घड्याळाने मोजता येतो. 'चालवायला मजा आली' हे मत असते. ते नोंदवावे, पण वेगळ्या रकान्यात.

जे फळीच्या परीक्षेत येत नाही

बर्फाचे थर घसरून होणारी बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. घसरायला आवडणारे अनेक उतारही त्याच कोनांचे! फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारावर हिमस्खलनात २ पोलिश स्कीपटू दगावले. स्प्लिटबोर्ड माणसाला पाळण्याच्या आणि पहाऱ्याच्या पलीकडे नेतो. तिथे उतार मोजण्याचा कोनमापक, दबलेल्याला शोधण्याचे यंत्र, फावडे आणि जाणकार सोबती फळीइतकेच आवश्यक ठरतात. फळी उत्तम ठरली म्हणजे उतार सुरक्षित ठरला असे नव्हे. एका गोष्टीच्या परीक्षेचा निकाल दुसऱ्या गोष्टीला लावणे ही चूक आपण शाळेतही पुष्कळदा करतो.

बर्फ नाही म्हणून ही परीक्षा अडायचे कारण नाही. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर घसरून पडणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. निरनिराळ्या तळांच्या चार चपला घ्या, प्रत्येकीवर २ किलोचे वजन बांधा आणि ओली फरशी तिरपी करत जा. चप्पल टाचेकडे सरकते तेव्हा आणि बोटांकडे सरकते तेव्हा घर्षणांक सारखाच येतो का? क्रम अ, ब, ब, अ ठेवायला विसरू नका. कोणती चप्पल पावसाळ्यात घालावी, हे मुलांनाच ठरवू द्या.