अभ्यास कुणाच्या रक्तात असतो?

दाभोळसारख्या बंदरात खारवी, भोई, कोकणी मुसलमान, कुणबी, ब्राह्मण अशी नाना समाजांची घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत. मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की निवाडा ठरलेला: अमक्यांच्या रक्तातच अभ्यास, तमक्यांत शिकायची परंपराच नाही. दापोली तालुक्याचाच इतिहास हा समज खोडून काढतो. दापोलीला इंग्रजांची लष्करी छावणी होती आणि पलटणीतल्या शिपायांच्या मुलांना शाळा सक्तीची होती. गावच्या शाळेत ज्यांना थारा नव्हता त्या महार कुटुंबांतून त्यामुळे शिकलेली माणसं उभी राहिली. मंडणगडजवळच्या आंबडव्याचे रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांचे पुत्र बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. जात तीच, घरचे रीतिरिवाज तेच. बदलली ती फक्त शाळेची वाट. मुसलमानांबद्दलचा समजही असाच तपासून पाहावा. २००१च्या जनगणनेत देशभरात मुसलमानांची साक्षरता सरासरीपेक्षा कमी होती, पण महाराष्ट्रात ती ७८.१ टक्के, म्हणजे राज्याच्या ७६.९ टक्के सरासरीहून जास्त भरली. धर्म शिक्षणाच्या आड येत असता, तर तो राज्याची हद्द पाहून आला नसता.

यावर कुणी विचारील, मग याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे आणि मुर्डीचे रँग्लर परांजपे एका विशिष्ट समाजातलेच कसे? घरच्या संस्कारांचं वजन मी नाकारत नाही. पण ते वजन कशाचं, हे पाहायला हवं. घरात लिहिण्यावाचण्याचा सराव होता, आणि मुंबईत शिकायला गेलेल्या मुलाला आप्तांकडे राहायची सोय होती. परांजपे स्वतः कर्व्यांच्या आधाराने मुंबईत शिकले. हा आधार वसतिगृह आणि शिष्यवृत्ती देऊन कोणत्याही मुलापर्यंत पोचवता येतो. उलट मच्छीमाराच्या घरातही ज्ञान असतंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पाणी भरणार, हा हिशेब खाडीकाठच्या पोरांच्या कानावर लहानपणापासून असतो. हा अपूर्णांकांचा गुणाकारच आहे. वर्गात मात्र तो केक आणि पिझ्झाच्या तुकड्यांनी शिकवला, घरची बोली अशुद्ध ठरवली, की तेच पोर गणितात कच्चं म्हणून गणलं जातं. संस्कृतीचा परिणाम होतो तो असा: घरचं शाळेत किती चालतं, यावरून.

शेवटचा आक्षेप निकालाचा. कोकण विभागीय मंडळ दरवर्षी राज्यात पहिलं येतं; २०२४ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. मग अडचण कुठे आहे? कौतुक खरंच आहे, पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची. आठवीनंतर होडीवर गेलेला मुलगा किंवा धाकट्या भावंडांसाठी घरी थांबलेली मुलगी तिच्यात मोजलीच जात नाही. म्हणून दाभोळात वाडीवार यादी करावी: पहिलीत नाव घातलेली मुलं किती, त्यांतली दहावीच्या बाकावर किती पोचली, आणि मधली कोणत्या इयत्तेत, कशामुळे गळाली.