छातीतली कळ आणि घड्याळाचा नकाशा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कामगार डोळ्यांपुढे आणा. रात्रपाळीत पहाटे तीनला त्याच्या छातीत दाटून येते, घाम फुटतो. पित्त असेल म्हणून तो सोडा पितो आणि पाळी संपेपर्यंत यंत्रापाशी उभा राहतो. त्याच वेळी पेठ तालुक्यातल्या पाड्यावर एका शेतकऱ्याला तसेच होते. हृदयाच्या धमन्या तपासणारी नाशिकची रुग्णालये अंबडहून अर्ध्या तासात गाठता येतात. पेठहून सावळघाटातून पन्नासेक किलोमीटर यावे लागते. मग उपचारापासून अधिक दूर कोण?

आधी हृदयात काय घडते ते पाहू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत साचलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. साधारण २० ते ३० मिनिटांनंतर स्नायूपेशी मरू लागतात. ही मर हृदयाच्या भिंतीच्या आतल्या अंगाला सुरू होऊन बाहेर पसरते. सहा तासांत त्या भागाचा बराचसा स्नायू गेलेला असतो, आणि तो पुन्हा वाढत नाही. तेथे नुसता व्रण राहतो.

वाट मोकळी करण्याचे मार्ग दोन. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून फुग्याने धमनी उघडायची व स्टेंट बसवायचा, ही अँजिओप्लास्टी. ती दोन तासांच्या आत होणार असेल तर तीच उत्तम. होणार नसेल तर ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात द्यायचे आणि मग रुग्णाला शहराकडे न्यायचे. (मेंदूत पूर्वी कधीही रक्तस्राव झालेल्यांना ते चालत नाही.) म्हणजे पेठच्या शेतकऱ्याचे अंतर घाट न ओलांडताही बरेच कमी करता येते. त्यासाठी तालुक्याला ईसीजीचे यंत्र, तो आलेख वाचणारे कोणी आणि कपाटात ते इंजेक्शन हवे.

अंबडच्या कामगाराचे अंतर रस्त्यावर मोजता येत नाही. भारतातल्या ८९ रुग्णालयांतील वीस हजारांवर हृदयरुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचण्याचा मध्यक काळ ३६० मिनिटे निघाला. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. अँजिओप्लास्टी श्रीमंतांत सुमारे १५ टक्क्यांना मिळाली, गरिबांत २ टक्क्यांना. आम्हांला सर्वांत बोलका वाटला तो पुढचा हिशेब: मिळालेल्या उपचारांतला फरक जमेस धरला की मृत्यूंतला फरक उरत नाही. गरिबांचे हृदय वेगळे नव्हते.

त्यानंतर काही बदलले. जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. कामगार विमा कायदा ठेकेदाराच्या माणसालाही लागू आहे. मात्र ठेकेदाराने नोंदच केली नसेल तर हातात कार्ड नसते. पाळी सोडली तर रोज बुडतो, आणि योजना कोणत्या रुग्णालयात चालते हे पहाटे तीनला कोणाला विचारायचे? बायकांचे आणखी निराळे. त्यांना कित्येकदा कळ न येता दम लागतो, पाठ किंवा जबडा दुखतो, आणि घरात ते थकव्यावर जाते.

वर्गात एक करून पाहता येईल. जिल्ह्याच्या नकाशावर आपल्या गावापासून ईसीजी, इंजेक्शन आणि अँजिओप्लास्टी कोठे मिळते ते मुलांना विचारून, चौकशी करून भरू द्या. अंतर किलोमीटरऐवजी मिनिटांत लिहा: एकदा दुपारचे, एकदा रात्री दोनचे. वाहन मिळायला लागणारा वेळही त्यात धरा. दोन्ही वेळी ३०, ६० आणि १२० मिनिटांच्या रेषा काढल्या की नकाशाचा आकार कसा बदलतो ते मुलांनाच सांगू द्या.