हजार घोड्यांची आच

बुगाटी वेरॉन ताशी ४०७ किलोमीटरच्या कमाल वेगानं धावत राहिली, तर तिची १०० लिटरची टाकी सुमारे १२ मिनिटांत रिकामी होते. एवढं वाचून लोक तोंडात बोट घालतात. कागद-पेन्सिल घेऊन बसलं, तर याच आकड्यातून आणखी काही हाती लागतं. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे भरल्या टाकीत ३,२००. वेरॉनचं इंजिन १००१ अश्वशक्तीचं, म्हणजे ७३६ किलोवॉटचं. तेवढ्या ताकदीनं ते १२ मिनिटं चाललं, तर क्रँकशाफ्टला मिळतात जेमतेम ५३० मेगाज्यूल. सहातला एक भाग. उरलेले पाच भाग मुख्यतः उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जातात. थोडं इंधन अर्धवट जळूनही वाया जातं. अशा इंजिनाच्या अभियंत्याची खरी कसोटी या पाच भागांपाशी लागते.

या इंजिनाची कल्पना १९९७ सालची. फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पीएख यांनी टोकियोहून नागोयाला जाताना, बुलेट ट्रेनमध्ये, एका पाकिटाच्या पाठीवर १८ सिलिंडरच्या इंजिनाचं रेखाटन केलं. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगननं बुगाटी हे जुनं फ्रेंच नाव विकत घेतलं. १८ चे १६ सिलिंडर झाले आणि २००५ मध्ये गाडी बाजारात आली.

सोळा सिलिंडर एका ओळीत किंवा नेहमीच्या ‘व्ही’ रचनेत बसवले, तर इंजिन लांबलचक होतं. त्यावरची युक्ती फोक्सवॅगनच्या घरातच होती. सिलिंडरच्या दोन ओळींत फक्त १५ अंशांचा कोन ठेवून, त्या एकमेकींत सरकवून एकच जाड ओळ करायची. अशा दोन जोड्या ९० अंशांवर मांडल्या की झालं ‘डब्ल्यू १६’. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर, दट्ट्याची धावही ८६. एकूण क्षमता ८ लिटर.

लिटरमागे हिशेब केला तर ही ताकद होते १२५ अश्वशक्ती. रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनचं १.२ लिटरचं टर्बो इंजिनही लिटरमागे १०० देतं. म्हणजे लिटरमागची ताकद हा काही चमत्कार नव्हे. अवघड आहे ते असे ८ लिटर एका गाडीच्या पाठीत दाटीनं बसवणं आणि त्यांना भाजू न देणं.

इंजिनाची ताकद ठरते ती त्याला किती हवा मिळते त्यावर. इंधन हवं तेवढं फवारता येतं, पण ते जाळायला हवा लागते. धुराच्या जोरावर फिरणारे चार टर्बोचार्जर ही हवा कोंबतात. मात्र सायकलच्या पंपासारखी तीही दाबली की तापते. तापलेली हवा विरळ होते, शिवाय सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या ठरल्या जाळाची वाट न पाहता ठिकठिकाणी आपोआप पेटू शकतं. याला ‘नॉकिंग’ म्हणतात. जोराचं नॉकिंग चालू राहिलं तर दट्ट्याला भोक पडू शकतं. म्हणून वेरॉनमध्ये स्पार्क प्लगला दुहेरी काम दिलं: ठिणगी पाडून झाली की तोच प्लग जळत्या वायूतून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजतो. गडबड दिसली की त्या सिलिंडरपुरती ठिणगीची वेळ मागे घेतली जाते.

टर्बो इंजिनांत आणखी एक जुना उपाय चालतो. पूर्ण ताकदीच्या वेळी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारायचं. ते बाष्प होताना उष्णता शोषतं आणि धुराचं तापमान आटोक्यात राहतं. म्हणजे पेट्रोलच थंडाव्यासाठी खर्ची पडतं. टाकी इतक्या लवकर रिकामी होण्यामागे हेही एक कारण असतं.

बाकी भार रेडिएटरांवर. वेरॉनमध्ये ते १० आहेत: इंजिनाच्या पाण्यासाठी ३, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरांसाठी ३, आणि इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, डिफरन्शियल व एसी यांना प्रत्येकी १. पण रेडिएटरला वारा द्यायचा तर गाडीला तोंडं पाडावी लागतात आणि प्रत्येक तोंडाबरोबर हवेचा विरोध वाढतो. वेग दुप्पट करायचा तर हवा कापण्यासाठीच आठपट ताकद लागते. ताकद वाढवली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की तोंडं वाढतात आणि तोंडांपायी पुन्हा ताकद लागते.

२०१६ च्या शिरॉननं हे चक्र १५०० अश्वशक्तीपर्यंत रेटलं. तिचं इंजिन मिनिटाला ६०,००० लिटर हवा घेतं. स्वतःच्या श्वासावर ८ लिटरचं इंजिन ६,७०० फेऱ्यांना फार तर २७,००० लिटर ओढेल. पाण्याचा पंप मिनिटाला ८०० लिटर फिरवतो. मोठे टर्बो उशिरा जागे होतात, म्हणून सुरुवातीला चारांपैकी दोघांनाच धूर मिळतो. ३,८०० फेऱ्यांच्या सुमारास उरलेले दोन सामील होतात.

२०२४ मध्ये बुगाटीनं टूरबियाँ जाहीर केली, तेव्हा चारही टर्बो गायब होते. कॉसवर्थच्या मदतीनं घडवलेलं ८.३ लिटरचं ‘व्ही १६’ इंजिन स्वतःच्या श्वासावर ९,००० फेऱ्यांपर्यंत जाऊन १००० अश्वशक्ती देतं. तीन विद्युत मोटारी ८०० ची भर घालतात. एकूण १८००. वेरॉनला ज्या आकड्यासाठी चार टर्बो लागले, जवळपास तोच आकडा आता त्यांच्याविना गाठला जातो. कमी फेऱ्यांतला जोर विजेकडे सोपवल्यामुळे इंजिनाला आता उंच फेऱ्यांसाठीच घडवता येतं. १९९७ च्या रेखाटनातून निघालेली वाट सारं काही एकाच इंजिनाकडून करून घेण्याची होती. त्यानंतरच्या अभियंत्यांनी इंजिनाच्या वाट्याचं काम कमी केलं आणि १८०० पर्यंत मजल मारली ती त्याच जोरावर.