सहा सेंटिमीटरची चूक
(लेखमाला : वाऱ्याचे गणित – लेखांक ६)

पृष्ठभागाला लागून सरकणारा हवेचा मंदावलेला थर, म्हणजे सीमास्तर, मागील लेखांकात पाहिला. हा थर पृष्ठभागापासून सुटला की मागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो आणि गाडी असो वा विमान, ते मागे खेचले जाते. यावरचा एक उपाय लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ सालीच हायडेलबर्गच्या गणित परिषदेत मांडला होता. दंडगोलाला फट ठेवून तिच्यातून मंदावलेली हवा आत ओढून घेतली, तर प्रवाह अधिक काळ चिकटून राहतो.

आज फट कुठे ठेवायची आणि किती हवा ओढायची किंवा फुंकायची, हे आधी संगणकावर तपासले जाते. त्या उत्तरावर भरवसा किती ठेवायचा?

ही परीक्षा घेण्यासाठी नासाच्या लँग्ली केंद्राने विंड टनेलमध्ये सपाट पृष्ठभागावर एक उंचवटा बसवला. लांबी ४२ सेंटिमीटर, चढ सौम्य, मागचा उतार मात्र एकदम तीव्र. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर. उतार सुरू होतो तिथेच एक अरुंद फट. फट बंद असताना सुटलेला प्रवाह पुढच्या टोकापासून साधारण ४६ ते ४७ सेंटिमीटरवर, म्हणजे उंचवटा संपल्यानंतर, पुन्हा पृष्ठभागाला टेकला. फटीतून हवा ओढल्यावर तो ४० सेंटिमीटरच्या आतच टेकला.

२००४ साली अमेरिकेतील विल्यम्सबर्ग येथे भरलेल्या कार्यशाळेत संशोधकांच्या अनेक गटांनी हाच उंचवटा संगणकावर सोडवून आणला. उद्योगात रोज वापरल्या जाणाऱ्या, सरासरी काढलेल्या समीकरणांचे उत्तर आले सुमारे ५२ सेंटिमीटर. मापन आणि गणित यांत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक! प्रवाह कुठे सुटतो, हे गणिताने बरोबर सांगितले होते. तो परत कुठे टेकतो, हे चुकले. हवा ओढल्यावरही चूक त्याच दिशेची राहिली.

कारण सरासरीतच आहे. ही पद्धत एकेक भोवरा मोजत नाही, सगळ्यांचा एकत्रित परिणाम एका प्रतिमानावर सोपवते. सुटलेल्या पट्ट्याच्या वरच्या कडेला भोवरे वेगवान हवा खाली ढवळत असतात. प्रतिमान हे ढवळणे कमी धरते. मग कागदावरचा प्रवाह उशिरा टेकतो. मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारी ‘लार्ज एडी सिम्युलेशन’ पद्धत मापनाच्या बरीच जवळ जाते. पण तिला फार बारीक जाळी लागते आणि गणनेचा खर्च प्रचंड वाढतो. अख्ख्या विमानासाठी तो सहसा परवडत नाही.

म्हणूनच मोठ्या कामात विंड टनेल सुटत नाही. उदाहरणार्थ, विमानाचे उभे शेपूट किती मोठे असावे, हे उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडले तर काय, या प्रश्नावर ठरते. उरलेल्या प्रवासात ते जादा क्षेत्रफळ नुसता हवेचा विरोध वाढवते. नासा आणि बोइंग यांनी २०१३ मध्ये एम्स केंद्राच्या विंड टनेलमध्ये ७५७ विमानाचे पूर्ण आकाराचे शेपूट उभे केले. सुकाणूच्या अलीकडे बसवलेल्या नळ्यांतून डावी-उजवीकडे हेलकावत हवेचे झोत सोडले. या नळ्यांत एकही हलता भाग नसतो. मोटारीच्या काचेवर पाणी उडवणाऱ्या काही नोझलमध्येही हेच तंत्र असते. झोतांमुळे प्रवाह सुकाणूला चिकटून राहिला आणि शेपटाचा बाजूचा जोर २० टक्क्यांहून अधिक वाढला. २०१५ मध्ये असे ३१ झोत घेऊन विमान प्रत्यक्ष उडाले. तोच जोर लहान शेपटातून मिळाला, तर विरोध आणि वजन दोन्ही घटतील. अर्थात झोतासाठी हवा दाबायला लागणारी ऊर्जा आणि त्या यंत्रणेचे वजन या हिशेबातून वजा करावेच लागते.

२०१९ मध्ये ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मध्ये एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध झाला. दंडगोलावरचे दोन झोत कधी आणि किती सोडायचे, हे न्यूरल नेटवर्क सिम्युलेशनमध्येच चुकत-माकत शिकले आणि विरोध सुमारे ८ टक्क्यांनी उतरला. मात्र तिथे रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर; तो जितका मोठा, तितका प्रवाह खळबळीचा) होता १००, प्रवाह संथ आणि सुव्यवस्थित. लँग्लीच्या उंचवट्यावर तो नऊ लाखांहून अधिक होता.

(पुढील आठवड्यात : झोत सोडायला शिकणारे यंत्र)