गिझरची ठिबकणारी झडप बुजवू नये

लाकडांवर तापणाऱ्या बंबाच्या जागी आता अनेक शेतकरी कुटुंबांत विजेवर पाणी तापविणारी साठवणीची टाकी, म्हणजेच गिझर, आली आहे. बंबाला पाणी ओतण्याचे तोंड असल्याने वाफेला वाट मिळे. गिझरची टाकी मात्र बंदिस्त असते.

पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की सुमारे दीड टक्का फुगते. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ सुमारे ३७५ मिलिलिटर होते. हे पाणी सुरक्षा झडपेतून थेंबाथेंबाने बाहेर पडते. हा दोष नव्हे. गळती समजून झडपेस बूच मारल्यास आतील दाब वाढतो. त्यातच उष्णता-नियंत्रक बिघडला तर टाकी फुटून प्राणहानी संभवते.

टाकी पक्क्या भिंतीवर बसवावी. झडप व टाकी यांच्यामध्ये बंद करता येणारा नळ ठेवू नये. २ किलोवॅटच्या गिझरला १६ अँपिअरची जोडणी व खात्रीचे अर्थिंग द्यावे. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्यावरच वीज सुरू करावी आणि स्नानापूर्वी ती बंद करावी.

ग्रामसेवकांनी घरभेटीच्या वेळी झडपेचे तोंड मोकळे आहे की नाही, हे प्रथम पाहावे.